पीठ, कोठी आणि पेव : शरीर ऊर्जा साठवतं तरी कशी?

साबुदाण्याच्या खिचडीत दोन झाडांची शिदोरी असते. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदातला, दाण्याचं कूट भुईमुगाच्या शेंगेतलं. कंदातला साठा त्या झाडानं ठेवलेला असतो कोरडे दिवस सरल्यावर पुन्हा फुटवा यावा म्हणून. शेंगदाण्यातला साठा असतो मातीतल्या बीला पहिलं पान उन्हात येईपर्यंत पुरावा म्हणून. आता एक करून बघा. शेंगदाणा कागदावर घासा, तेलाचा डाग पडेल. भिजवलेल्या साबुदाण्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, दाणा निळा-काळा होईल. ती पिठूळ साठ्याची, म्हणजे स्टार्चची खूण. एका झाडानं स्टार्च साठवलं, दुसऱ्यानं तेल. दोघांनी एकच पद्धत का नाही वापरली?

हा प्रश्न आपल्या शरीरालाही लागू आहे, आणि आषाढी जवळ आली की तो घरोघरी वेगळ्या रूपात निघतो. ‘सोळा तास उपाशी राहा, चरबी जळते.’ ‘साखर बंद करा, चार दिवसांत दोन किलो उतरतात.’ असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. त्यांत काही खरं असतं, काही अर्धवट. काय खरं ते ताडायचं, तर शरीराचा साठा कुठे, कशाचा आणि किती असतो हे माहीत हवं.

## भाकरी पिठाची होते, दाण्याची नाही

जुन्या घरातली व्यवस्था आठवा. रोजच्या वापराला डब्यात थोडं पीठ, घरात धान्याची कोठी किंवा कणगी, आणि मोठ्या शेतकऱ्याकडे जमिनीखाली पेव. कोठीत पोतंभर ज्वारी असली तरी ती तशीच तव्यावर टाकता येत नाही. आधी दळावी लागते.

शरीरातल्या पेशींचंही तसंच आहे. स्नायू आखडायचा असो, मेंदूत संदेश पोचवायचा असो, जखम भरून काढायची असो, बहुतेक कामांना पेशीला लागतं ते एकच ‘पीठ’ : ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, थोडक्यात एटीपी. हा एक छोटा रेणू आहे. त्याच्या शेपटीला फॉस्फेटचे तीन गट ओळीनं जोडलेले असतात. तिघांवरही ऋण विद्युतभार, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत असतात. शेवटचा गट सुटला की ऊर्जा मिळते आणि पेशी ती कामाला लावते.

हा रेणू १९२९ साली सापडला. जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि येल्लप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. स्नायूंना पहिल्या काही सेकंदांत हात देणारा फॉस्फोक्रिएटिन हा पदार्थही याच जोडीनं १९२७ मध्ये दाखवून दिला होता. निघालेली एसटी पकडायला आपण धावतो, तेव्हा स्नायूत आधीच तयार असलेलं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपतं. तिथून पुढे सुमारे दहा सेकंदांपर्यंत मुख्य भार फॉस्फोक्रिएटिन उचलतं. आपल्या धावण्यातल्या या पहिल्या दहा सेकंदांमागे एका भारतीय माणसाचं संशोधन आहे, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

## पीठ दळणारी पाणचक्की

हे पीठ दळलं जातं ते पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये. ‘दळलं जातं’ हे मी नुसतं अलंकारानं म्हणत नाही. तिथे खरोखरच एक चाक फिरतं.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर हे चटकन कळेल. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलं, उंचावरून खाली सोडलं, त्या धारेनं पाती फिरली, पात्यांबरोबर जातं फिरलं आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी दळण निघालं. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर अशीच चक्की बसवलेली असते. फरक इतकाच, की तिथे पाण्याच्या जागी प्रोटॉन वाहतात, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेली ऊर्जा वापरून पेशी हे कण पडद्याच्या एका बाजूला चढवत राहते, जसं आपण पंपानं गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो. मग ते उतारानं परत येतात ते या चक्कीतूनच. चक्कीचा एक फेरा झाला की तीन एटीपी तयार. आणि सेकंदाला शंभराच्या वर फेरे होतात.

ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही प्रोटॉनच्या उताराची कल्पना मांडली, तेव्हा बरीच वर्षं अनेकांना ती पटली नाही. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चक्की प्रत्यक्ष फिरताना दिसली १९९७ साली. जपानी शास्त्रज्ञांनी तिच्या आसाला एक चकाकणारा धागा चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो गरगर फिरताना पाहिला. हे वाचताना तुमच्या बोटाच्या टोकातही अशा असंख्य चक्क्या चालू आहेत. त्या थांबल्या तर काय होतं? सायनाइड याच यंत्रणेला अडवतं आणि माणूस काही मिनिटांत जातो. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं, त्याचंही कारण हेच. आखडलेले स्नायुतंतू एकमेकांपासून सुटायलाही एटीपी लागतं, आणि ते तेव्हा उरलेलं नसतं.

## मग एटीपीचाच मोठा साठा का करत नाही?

इथे शंका येणारच. पेशीला एटीपीच लागतं, तर तेच पोत्यानं भरून ठेवावं.

पहिली अडचण वजनाची. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसभरात जवळजवळ त्याच्या वजनाइतकं एटीपी बनतं आणि वापरलं जातं. तरी कोणत्याही एका क्षणी शरीरात असतं जेमतेम शंभर ग्रॅमच्या आसपास. तोच रेणू दिवसात शेकडो वेळा रिकामा होतो आणि पुन्हा भरला जातो. एका दिवसाचा साठा करायचा तर आपल्याच वजनाचं एक माणूस पाठीवर घेऊन फिरावं लागेल. दुसरी अडचण टिकण्याची. दळलेलं पीठ जास्त दिवस ठेवलं की त्याला वास येतो. धान्य मात्र वर्षभर राहतं.

## कोठी : यकृत आणि स्नायू

जेवणातली भाकरी, भात, साबुदाणा पचला की त्याचं बहुतांश ग्लुकोज होतं. भाकरीचा घास न गिळता चावत राहा, हळूहळू गोडसर लागतो; लाळेनं स्टार्च तोडायला सुरुवात केलेली असते.

रक्तात मात्र एका वेळी ग्लुकोज असतं फक्त चमचाभर, सुमारे पाच ग्रॅम. उरलेलं ठेवायचं कुठे? सुटं ग्लुकोज पेशीत भरून ठेवलं तर पेशी फुगून फुटेल. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की तासाभरात पातेल्यात पाणी दिसतं, कारण विरघळलेली साखर पाणी ओढते. किती ओढायचं हे ठरतं सुट्या कणांच्या संख्येवर. म्हणून शरीर हजारो ग्लुकोज एकमेकांना जोडून एकच फांद्या-फांद्यांचा मोठा रेणू बनवतं : ग्लायकोजेन. संख्या एक, माल हजारोंचा. फांद्या असल्यामुळे एकाच वेळी अनेक टोकांकडून ग्लुकोज तोडून घेता येतं, म्हणून ही कोठी पटकन उघडते.

हा पदार्थ क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये यकृतातून वेगळा काढला. यकृतात सुमारे शंभर ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून सुमारे चारशे ग्रॅम, एवढा हा साठा. दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. यकृताची कोठी गावासाठी असते. तिथलं ग्लुकोज रक्तात सोडलं जातं आणि मेंदूपर्यंत पोचतं. स्नायूंकडे ते ग्लुकोज रक्तात सोडणारं विकरच (एन्झाइम) नसतं. म्हणून मांडीतलं ग्लायकोजेन मांडीच वापरणार, भुकेनं चक्कर आली तरी ते ग्लुकोज होऊन मेंदूला मिळत नाही.

## दाणा माणसाला, कडबा बैलाला

मला या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट ज्वारीच्या शेतात दिसते. कणसातल्या दाण्यात स्टार्च, ताटात सेल्युलोज. दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले. फरक फक्त दोन ग्लुकोज कोणत्या कोनात जोडलेत याचा. एक जोड आपल्या पोटातली विकरं सोडवू शकतात, दुसरी नाही. बैलालाही स्वतःहून ती सोडवता येत नाही. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. म्हणून एकाच रोपाचा दाणा आपल्या ताटात येतो आणि कडबा गोठ्यात जातो. ऊर्जा दोन्हींत सारखीच आहे. साठा असून उपयोग नाही, तो उघडणारा हातही लागतो.

## पेव : चरबी

कोठीतलं पाच-सहाशे ग्रॅम धान्य काही फार पुरत नाही. मोठा साठा असतो चरबीत. आणि इथे भुईमुगाच्या कोड्याचं उत्तर आहे.

ग्लुकोजच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग ऑक्सिजनचाच असतो. म्हणजे ते आधीच थोडं जळून गेलेलं सरपण आहे. चरबीत ऑक्सिजन वजनाच्या जेमतेम एक दशांश. त्यामुळे ग्रॅमला पिठूळ पदार्थ सुमारे ४ कॅलरी देतात, तर चरबी ९. शिवाय ग्लायकोजेन पाणी धरून ठेवतं, एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम. चरबी पाण्याला जवळ येऊ देत नाही. पाण्यासकट वजन धरलं तर ग्लायकोजेनचा ग्रॅम जेमतेम एक कॅलरी देतो, चरबीचा नऊ.

ज्याला वजन वाहून न्यायचं आहे तो तेल साठवतो. कंद जागचा हलत नाही, त्याला स्टार्च परवडतं. बीमध्ये जागा कमी, म्हणून अनेक झाडं तिथे तेल भरतात : शेंगदाणा, तीळ, करडई. सगळीच नाही, ज्वारी आणि तांदूळ स्टार्चवरच भागवतात.

वजनाचा हिशोब सर्वांत कडक असतो तो उडणाऱ्याला. नोव्हेंबरात अमूर ससाण्यांच्या बातम्या येतात. सैबेरिया आणि चीनकडून आलेले हे कबुतराहून लहान शिकारी पक्षी नागालँड-मणिपूरमध्ये उतरतात, वाळवीचे पंख फुटलेले किडे खाऊन गुबगुबीत होतात, मग भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका गाठतात. समुद्रावर बसायला फांदी नाही. दीडशे ग्रॅमच्या आसपासचा पक्षी, अंगावर चरबीचं पेव. समजा त्यानं ४० ग्रॅम चरबी घेतली. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजेनमधून न्यायची तर साडेतीनशे ग्रॅम ओझं होईल, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. जमिनीवरूनच उठता येणार नाही. आणि ती चरबी आली कुठून? वाळवीनं खाल्लेल्या लाकडातून, म्हणजे पुन्हा त्याच सेल्युलोजमधून. झाडाच्या खोडातलं ग्लुकोज वाळवीतून ससाण्याच्या अंगावर आलं आणि समुद्र पार करून गेलं.

आपलंही गणित तेच. ज्याच्या अंगावर १२ किलो चरबी आहे, त्याच्याकडे एक लाखाहून जास्त कॅलरी शिल्लक आहेत. त्या ग्लायकोजेनच्या रूपात ठेवायच्या तर वजन शंभर किलोच्या आसपास वाढेल.

## ‘बंध तुटला की ऊर्जा सुटते’ ना?

विज्ञानाचे विद्यार्थी इथे हमखास अडतात, कारण हे वाक्य पाठ झालेलं असतं. पण कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. ऊर्जा मिळते ती नवे, जास्त पक्के बंध जुळताना. पेटत्या लाकडावर वाळू टाकली तर विस्तव विझतो. लाकूड तेच असतं, हवा तुटलेली असते. चरबीतली ‘साठवलेली ऊर्जा’ म्हणजे चरबी आणि ऑक्सिजन या जोडीची ऊर्जा. आपण फक्त सरपण साठवतो, हवा दर श्वासाला नवी घेतो. एटीपीचंही तसंच. फॉस्फेटचा गट सुटताना पाण्याबरोबर जे नवे बंध जुळतात, त्यांचा हिशोब धरला की मगच ऊर्जा शिल्लक पडते.

## एवढी चरबी आहे, तर एकादशीला गळून का जातं?

पेव एकदम उघडत नाहीत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. पेवाचं तोंड उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा दूषित असते. बराच वेळ वारा खेळू द्यावा लागतो. चरबीचंही काम सावकाश. ती वापरायला ऑक्सिजन लागतोच. झटक्यानं लागणारी ऊर्जा ती देऊ शकत नाही.

मोठी अडचण मेंदूची. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा खातो, आणि रोज १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज मागतो. चरबीतली आम्लं त्याला चालत नाहीत. तांबड्या रक्तपेशींकडे तर तंतुकणिकाच नसतात. त्या फक्त ग्लुकोजवर जगतात. आणि चरबीचा एक छोटा भाग सोडला तर आपलं शरीर चरबीचं ग्लुकोज करू शकत नाही. त्यामुळे उपवासात यकृतातली शंभर ग्रॅमची कोठी रात्रीतच बरीच उपसली जाते आणि दिवसभरात तळाला जाते. तोवर स्नायू चरबीकडे वळलेले असतात. यकृत इतर कच्च्या मालातून थोडं ग्लुकोज घडवू लागतं आणि चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवतं, जे मेंदूला चालतात. पण त्यांचं प्रमाण नीट वाढायला दोन-तीन दिवस लागतात. दीर्घ उपवासात मेंदू मुख्यतः कीटोनवर चालतो, हे जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवलं.

एक दिवसाच्या उपवासात डोकं जड होतं ते या मधल्या काळात. आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ असा उपवास असेल, तर पेव उघडायची वेळच येत नाही. दर तीन तासांनी खिचडी, रताळं, केळं आलं की कोठी पुन्हा भरते. उपवास श्रद्धेनं करावा, मी स्वतः करते. पण तो चरबी कमी करतो असं समजून बटाट्याच्या चिवड्याच्या पुड्या संपवू नयेत.

## पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, ते काय होतं?

बरंचसं पाणी. भात-पोळी एकदम बंद केली की ग्लायकोजेन संपतं. अर्धा किलो ग्लायकोजेन गेलं, त्यानं धरलेलं दीड किलो पाणी गेलं. काट्यावर दोन किलो कमी. पुन्हा नेहमीचं जेवण सुरू केलं की दोन दिवसांत ते परत येतं आणि माणूस खचतो. खचायचं कारण नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, फक्त कोठी भरली. एक किलो अंगावरची चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. ती चार दिवसांत जात नाही.

आणि जाते तेव्हा घामातून वितळून जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला : १० किलो चरबी जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेली १.६ किलो पाणी होते. पोटाला गरम पट्टा बांधून घाम काढला तर जातं ते पाणीच.

## प्रथिनांचा साठा नाही का?

नाही. अंड्यात, डाळीत प्रथिनं पुढच्या पिढीसाठी ठेवलेली असतात, पण आपल्या शरीरात नुसता साठा म्हणून ठेवलेलं प्रथिन नसतं. प्रत्येक जण काही ना काही कामावर असतो. दीर्घ उपासमारीत ग्लुकोज घडवायला शरीर स्नायू मोडतं. घराचे वासे काढून चूल पेटवण्यातला प्रकार आहे. म्हातारपणी हे वासे परत बसवणं फार कठीण जातं, म्हणून सत्तरीच्या आजी-आजोबांनी कडक उपवास धरू नयेत असं मला मनापासून वाटतं.

## मधुमेह असलेल्यांनी हे जरूर वाचावं

साठ्याच्या दारावर दोन हुकूम चालतात. जेवणानंतर इन्सुलिन सांगतं ‘भरा’, भुकेच्या वेळी ग्लुकागॉन सांगतं ‘काढा’. निरोगी माणसात पोट रिकामं राहिलं की इन्सुलिन आपोआप उतरतं. पण इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं असेल, किंवा इन्सुलिन स्रवायला लावणारी गोळी घेतली असेल, तर पोटात काही नसतानाही ‘भरा’ हा हुकूम चालूच राहतो. यकृताची कोठी बंद, पेवही बंद, आणि रक्तातलं चमचाभर ग्लुकोज घटत जातं. म्हणून एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यायलाच हवा. आदल्या रात्री स्वतःच्या मनानं नव्हे.

उपवासात घाम फुटला, हात थरथरले, धडधडू लागलं किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर उपवास तिथेच सोडावा. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. दाण्याचा लाडू किंवा दुधातलं तूप देऊ नये. त्यातला मेद अन्नाला पोटातच रेंगाळत ठेवतो आणि स्वतः ग्लुकोज होत नाही. मेंदू मात्र त्या क्षणी ग्लुकोजच मागत असतो. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.